काटा वर येत नाही

उकळलेली गाडी आली की लांबूनच कळतं.
बॉनेटखालून वाफ, मालकाच्या हातात रिकामी बाटली,
मागच्या सीटवर पोरगं रडतंय,
सगळ्यांना घाई.
गार गाडी घेऊन कोण येतंय?

पिरनवाडीच्या फाट्यावर माझं शेड.
सुमित्रा गुंजीकर, जांबोटीच्या दवाखान्यात नर्स,
रात्रपाळी उतरून थेट आल्या, स्वेटर तसाच अंगात.
म्हणाल्या, काटा वर येईना झालाय.
किणये ओलांडलं तरी खालीच झोपलेला.
हीटर लावावा तर तोंडावर गार वारं,
आणि पेट्रोल पिऊलालीय नुसती.

तिघांना दाखवली होती म्हणे.
तिघंही हसले,
थंड आहे तर चांगलंच की ओ, बाई.

"दवाखान्यात," त्या म्हणाल्या,
"गार पडलेल्या माणसाला
मी बरा झाला म्हणून घरी सोडत नाही."

जुनी झेन. पहिला संशय काट्यावर.
खोटं बोलणारे काटे लई बघितलेत मी.
सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली,
काटा ताडकन उठला, लाल रेघेला जाऊन भिडला.
म्हणजे बोलत होता तो खरंच.
ऑइलचं झाकण उघडलं, आतून पिवळट साय.
प्लग काळे, चुलीतल्या काटकीसारखे.
इराप्पाला म्हटलं, आज हात लावू नको,
रात्रभर निवू दे तिला.

सकाळी सहाला चावी फिरवली
आणि रेडिएटरचा वरचा पाइप मुठीत धरून उभा राहिलो.
हा पाइप गार राहायला पाहिजे.
इंजिन आपल्या ऊबेला येईपर्यंत
दार बंद, पाणी आतल्या आत.
मग एकदम चटका.
इथं पहिल्या मिनिटापासूनच कोमट, कोमट,
पाणी कुणाला न विचारता बाहेर जाऊन येत होतं.

दोन बोल्ट. घर उघडलं.
आत थर्मोस्टॅटच नव्हता.
नुसतं भोक,
आणि भोवती पुठ्ठ्याचं गॅस्केट, हाताने कापलेलं,
त्यावर सोनेरी शाईत अर्धं अक्षर
आणि "आगत्याने येण्याचे करावे" मधलं "आगत्या".

ही पत्रिका मला ओळखू आली.
भाच्याच्या लग्नात दोनशे जास्त छापल्या होत्या,
वर्षभर गॅस्केटं त्याचीच कापली मी.
मग गाडीही ओळखू आली.
निपाणीचे तवनाप्पा मगदूम, मे महिना,
तवंदी घाटात उकळली म्हणून टो करून आणलेली.
फॅनचा रिले गेला होता, ते दोन दिवसांनी कळलं.
त्याआधीच मी थर्मोस्टॅट उपटून फेकला होता.
आपल्या हवेला हे कशाला लागतंय, म्हणालो होतो.
उस्तादही हेच म्हणायचे.
कुणी उलटून विचारलं नाही.

बाईंना सांगितलं, मीच काढला होता.
त्या गॅस्केटवरची अक्षरं वाचत राहिल्या,
मग विचारलं, "लग्न टिकलं का?"
टिकलंय म्हटलं. दोन पोरं आहेत, हुबळीला असतात.

नवा बसवला. मजुरी घेतली नाही.
किणयेच्या आधीच काटा मधोमध आला,
असा फोन दुपारी.

संध्याकाळी खोबरेल तेलाचा जुना डबा काढला.
फेकला म्हणतो, पण फेकत नाही मी काही.
बावीस थर्मोस्टॅट, पितळ काळवंडलेलं,
चिकोडीच्या, चंदगडच्या, संकेश्वरच्या गाड्यांचे.
इराप्पाने चहावाल्याचं पातेलं आणलं,
डेअरीतून थर्मामीटर.
पाणी तापत गेलं.
साठ. सत्तर. काही नाही.
ब्याऐंशीला एकाने तोंड उघडलं,
मग शेजारच्याने,
मग पातेलंभर, भराभरा.

दोन मिटूनच राहिले.
इराप्पा बाकीचे मोजायला लागला,
मी म्हटलं, मोजू नको.